तालमीला कुलूप आणि करंडकाला पॉलिश: आमच्या एकांकिका स्पर्धेच्या संयोजकांना खुलं पत्र

मा. संयोजक मंडळ,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या संस्थेचं नाव इथं लिहीत नाही. एक तर मला कुणाची बदनामी करायची नाही, आणि दुसरं म्हणजे गावात ज्यांना नाटकाचं थोडंफार वेड आहे त्यांना नाव न लिहिता पण कळंल. दोनदा ऑफिसला येऊन गेलो, एक अर्ज दिला, त्याची पोच घेतलीय, फोनवर नुसतं 'बघू की, बघू की' झालं. शेवटी म्हटलं चार लोकांत बोलावं.

मी काही कलाकार वगैरे नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरात छोटं टर्निंग शॉप आहे, दोन लेथ, एक ड्रिल मशीन आणि हाताखाली एक पोरगा. दिवसभर बुश, पिना, शाफ्ट असलं काम आणि रात्री आठनंतर नाटकाच्या लाईटी, हे असं १९९६ पासून चाललंय. तुमच्या स्पर्धेत पहिल्यांदा आलो तेव्हा स्टेजवर काय चाललंय ते मला दिसत पण नव्हतं, विंगेत एका बादलीपाशी उकिडवा बसलेलो. बादलीत मिठाचं पाणी, त्यात पत्र्याच्या दोन पट्ट्या, त्यातली एक खाली-वर केली की स्टेजवरचा लाईट कमी-जास्त. आमचा डिमर म्हणजे हाच (आता कुणी करायला जाऊ नका, मला दोनदा सणसणीत झटका बसलाय). ग्रुपमधले एक मोठे होते, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, त्यांनी सलग पाच रात्री माझ्याकडून फक्त संध्याकाळ करून घेतली. पट्टी वर घे, हळू, अजून हळू, "अरे दिवस बुडतोय बाबा, फ्यूज उडालेला नाही." प्रयोगात ती संध्याकाळ ४० सेकंदांची होती. बक्षीस काही मिळालं नाही. पण अजून रंकाळ्यावर दिवस मावळताना बघितला की माझा उजवा हात आपोआप वर जातो, बायको हसते.

एवढी माझी ओळख पुरे.

यंदा जूनमध्ये तुमचं परिपत्रक व्हॉट्सअॅपवर आलं. प्राथमिक फेरी समोर होणार नाही, प्रयोगाचा पूर्ण व्हिडिओ आणि त्यासोबत ३ मिनिटांची हायलाइट क्लिप पाठवायची. स्पर्धेनंतरची परीक्षकांची चर्चा वेळेअभावी रद्द. 'याआधी पारितोषिकप्राप्त संहितांना प्राधान्य.' आणि मागच्या छोट्या हॉलमध्ये तालमी बंद. हे शेवटचं तर परिपत्रकात लिहिलं पण नव्हतं, ते आम्हाला हॉलवर गेल्यावर कुलूप बघून कळलं.

व्हिडिओपासून सुरू करतो कारण तिथं जास्त दुखलंय.

आमची यंदाची एकांकिका महापुरावर होती, २०१९ च्या. संहिता आमच्यातल्याच एका पोरानं लिहिलेली, तो शाहूपुरीत मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात कामाला आहे. पहिल्या ड्राफ्टमध्ये सगळं होतं, ढगांचा गडगडाट, पाण्याचा लोंढा, 'वाचवा वाचवा', वरनं हेलिकॉप्टर. वाचायला भारी वाटायचं. नवव्या तालमीला नदीकाठच्या चिखली गावची एक पोरगी, जी तोपर्यंत फक्त कपडेपट आणि चहाचं बघत होती, ती मधेच म्हणाली, "दादा, पाणी असं येत न्हाई."

मग कसं येतंय?

"पाण्याला आवाजच नसतोय. पहिल्यांदा मोरीतनं वर येतंय. मी बघितलोय की. आम्ही जेवत होतो आणि आईच्या पाटाला पाणी लागलं."

त्या रात्री पुढं तालीम झालीच नाही, ती सांगत बसली आणि आम्ही दहा-बारा जण ऐकत. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फूट झालं की इशारा, ४३ झालं की धोका, हे आम्ही शहरातली माणसं मोबाईलवर बघतो, मॅचचा स्कोअर बघितल्यासारखं. ती म्हणाली आमच्यात फुटावर कोण मोजतंय, कुणाच्या उंबऱ्याला लागलं त्याच्यावर मोजत्यात. लिहिणाऱ्या पोराचं तोंड जरा उतरलं पण दुसऱ्या दिवशी त्यानंच गडगडाट काढला, हेलिकॉप्टर काढलं, आणि नाटक एका जेवणाच्या पंगतीपासून सुरू केलं. ती कपडेपटवाली पोरगी आता आजी करत होती.

मग साधारण बाविसाव्या तालमीला लाईट गेली. पोरं थांबली नाहीत. माळ्यावर आधी काय चढवायचं, धान्याचं पोतं का देव, असा तो सीन, आणि आजीनं अंधारातच पुढचं वाक्य म्हटलं. ते असं काही लागलं की मी स्वतः लाईटवाला असून म्हटलं हा सीन आता अंधारातच करायचा, कंदील पण नको. एका टबात पाणी ठेवायचं आणि पोरांनी त्यात पाय हलवायचे, बास. एवढ्या वर्षांत मी केलेली ही सगळ्यात भारी लाईट आणि त्यात लाईटच नाही.

आता मला सांगा, हा सीन व्हिडिओत कसा दिसणार? काळा. साडेतीन मिनिटं काळा स्क्रीन आणि पाणी हलल्याचा आवाज, तो पण मोबाईलच्या माईकवर आला तर आला. तीन मिनिटांच्या हायलाइटमध्ये काय टाकायचं यावरनं आमच्यात भांडण झालं, कारण ज्या गोष्टीसाठी ३१ तालमी केल्या ती क्लिपमध्ये येतच नव्हती. शेवटी एक रडण्याचा तुकडा टाकला, जो आम्हा कुणालाच फारसा आवडत नव्हता. दोन कॅमेरे लावून एडिट करून द्यायला एकानं १४,००० मागितले, आमचा सगळा सेट ३,८०० चा होता, तो पण निम्मा घरातल्या भांड्यांचा. आठ दिवसांनी तुमचा मेसेज आला, 'लायटिंग पुअर, व्हिज्युअल क्वालिटी सुधारावी, पुढील वर्षासाठी शुभेच्छा.' पुढं हात जोडलेले दोन.

हरलो म्हणून रडतोय असं तुम्हाला वाटंल. हरायची आम्हाला चांगली सवय आहे, इतक्या वर्षांत करंडक दोनदाच हातात आलाय. समोर बसून बघून 'नाही जमलं' म्हटला असता तर गाडीत सामान भरून, मिसळ खाऊन घरी गेलो असतो. अंधारात बसून अंधार बघायचा असतो, तो तुम्ही दिवसा ऑफिसात लॅपटॉपवर बघितला, एवढंच माझं म्हणणं आहे.

तुमच्यातलेच एक जण मला फोनवर म्हणाले, "अहो शेवटी रिझल्ट दिसला पाहिजे ना, लोकांना तुमच्या तालमीशी काय करायचंय." साहेब, तुम्ही पण रोज खरी कॉर्नरवरनं जात असाल, तिथं कॅमेऱ्याचा स्तंभ आहे. आनंदराव आणि बाबूराव पेंटर, नाटकाचे पडदे रंगवणारे, नात्यानं भाऊ (सख्खे नव्हेत), कॅमेरा कसा बनवायचा याच्या मागं लागलेले. आनंदराव १९१६ ला गेले, काम अर्धवटच. बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांना सोबत घेऊन ते पुढं रेटलं, कॅमेरा चालू झाला आणि कोल्हापूरचा पहिला चित्रपट पडद्यावर आला १९२० ला. १९१६ ला जर कुणी त्यांना तीन मिनिटांची क्लिप मागितली असती तर त्यांनी काय दाखवलं असतं?

दुसरं, हॉल. रात्री दोन तासाला १५० रुपये भरून आम्ही तिथं तालीम करायचो, आम्ही म्हणजे गावातले सात-आठ ग्रुप, वार वाटून घेतलेले. २०११ पासून चावी माझ्याकडं असायची कारण माझं दुकान जवळ आणि वॉचमनला रात्री जागवायला नको. आता तिथं खुर्च्या आणि मंडपाचं सामान भरलंय. कार्यक्रमासाठी खुर्च्या लागतात हे मला मान्य आहे, पण त्या खुर्च्यांवर बसून लोक जे बघणार ते तयार कुठं होणार? सध्या एक ग्रुप गच्चीवर करतोय, पाऊस आला की जिन्यात. आम्ही दुकानात करतो, लेथ आणि ड्रिलच्या मधे, पोरांच्या पायाला बर, म्हणजे लोखंडाची टोकदार चूर, लागते म्हणून सगळ्यांना बूट घालूनच तालीम. आता पुराच्या सीनमध्ये बूट घालून कसं चालणार?

आणि हे कोल्हापुरात व्हावं याचं मला जास्त नवल वाटतं. इथं पेठेपेठेत तालीम आहे. तिथं कुस्ती, तिथंच गणपती, तिथनंच फुटबॉलचा संघ निघतो आणि निवडणुकीच्या मीटिंगा पण तिथंच. नाटकाच्या सरावाला आणि पैलवानाच्या जागेला मराठीत एकच शब्द आहे, तो काय उगाच नसंल. माझा मामा गंगावेश तालमीत होता. खासबागेत एकदा कलाजंग टाकायला गेला आणि दीड मिनिटात चितपट झाला, घरी आल्यावर दोन दिवस कुणाशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे वस्तादांनी बोलावून घेतलं, मातीत उतरवलं आणि तोच डाव परत लावायला सांगितला, पाय कुठं ठेवलास ते दाखव म्हणाले. मग महिनाभर तेवढंच. तालमीची लाल माती पण हळद, तेल, ताक, लिंबू घालून रोज उकरून उकरून तयार करतात, मैदानाच्या दिवशी ट्रॉलीनं आणून ओतली असं होत नाही.

केशवराव भोसले नाट्यगृह जळालं ती रात्र, ८ ऑगस्ट २०२४, तुमच्यापैकी कितीतरी जण रस्त्यावर उभे होते, मी पण होतो. शाहू महाराजांनी उभं केलेलं, १९१५ चं थिएटर, आणि दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. माझ्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ सारखं एकच सांगत होते, इथला पडदा ओढायची दोरी जड होती, पहिल्यांदा हाताला फोड आले होते. ते थिएटर परत उभं राहतंय, चांगलं आहे. पण दोरी ओढायला शिकायची जागा गावात राहिली नाही तर त्या नव्या स्टेजवर दर वेळी पुण्या-मुंबईचीच गाडी येऊन लागणार.

आता 'पारितोषिकप्राप्त संहितांना प्राधान्य'. इथं मला आधी माझी चूक सांगायला पाहिजे नाहीतर तुम्हीच काढाल. २०२३ ला मलाच करंडकाची हाव सुटली. बाहेर बक्षीस घेतलेली संहिता परवानगी काढून आणली, पुण्याहून एक दिग्दर्शक चार दिवसांसाठी आणला, त्यानं पोरांना यूट्यूबवरचा जुना प्रयोग दाखवला आणि कुठं उभं राहायचं त्याच्या खडूनं खुणा केल्या. दुसरा नंबर आला. फोटो, हार, पेपरात नाव. आठ पोरांतली सात परत आली नाहीत. त्यातली एक भेटली बिंदू चौकात, म्हटलं का गं येत नाहीस, तर म्हणाली, "काका, त्यात आम्ही काय केलं?" मला उत्तर देता आलं नाही. ती ट्रॉफी दुकानात आहे, त्यात मी ड्रिल बिट ठेवतो, उंची बरोबर बसते.

तुमच्या कलमामुळं आता सगळेच माझी २०२३ ची चूक करणार. एका ग्रुपमधल्या पोरानं तर संहिता चॅटजीपीटीकडनं काढली, मला कौतुकानं सांगत होता, "काका, ११ सेकंदात!" म्हटलं मग राहिलेल्या वेळात काय केलंस. म्हणाला रील्स बघितल्या. त्याचं काय चुकलं? स्पर्धेला जर फक्त शेवटची क्लिप पाहिजे असंल तर तो हुशारच म्हणायचा. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या शोमध्ये प्राडानं कोल्हापुरी चपलेसारखी चप्पल दाखवली तेव्हा तुमच्यातल्या निम्म्या लोकांनी स्टेटस ठेवलं होतं, मला आठवतंय. आपण का चिडलो होतो? हिरडा आणि बाभळीच्या सालीत कातडं मुरवणाऱ्या, चामड्याच्याच वादीनं शिवणाऱ्या हातांना कुणी विचारलं नाही, फक्त दिसतं कसं तेवढं उचललं. आता आपण आपल्याच पोरांना सांगतोय, दिसतं कसं तेवढं उचला.

परीक्षकांची चर्चा रद्द केली हे मला माझ्या धंद्यातनं सांगता येतं. फाउंड्रीतनं माझ्याकडं कास्टिंग, म्हणजे साच्यात ओतलेला पीस येतो, कट मारला की कधी कधी आत ब्लो होल निघतो, हवेची पोकळी. रिजेक्ट तर होतंच, पण फाउंड्रीवाला तो पीस परत घेऊन जातो आणि फोडून बघतो, वाळूत ओल जास्त होती का, हवा निघायला जागा कमी पडली का, ओतताना घाई झाली का. नुसता 'रिजेक्ट' लिहून ठेवला तर उद्याच्या शंभर पिसात तोच होल. पूर्वी तुमच्याकडं शेवटच्या प्रयोगानंतर रात्री बारा-साडेबारापर्यंत चर्चा चालायची, परीक्षक फरशीवर बसायचे, पोरं भांडायची पण. मी एवढं जे काही शिकलो ते तिथं. वेळ नाही म्हणता आणि गेल्या वर्षी बक्षीस समारंभात सत्कार दीड तास चालले, शाली मोजल्या नाहीत पण नारळ २३ होते, मी लाईटला असल्यानं मला तेवढंच काम होतं.

बारीकसारीक अजून आहे. सर्टिफिकेट फक्त नंबरात आलेल्यांना, बॅकस्टेजच्या पोरांना नाहीच. घोषणा ते प्रवेश यात १८ दिवस, एवढ्यात लग्नाचा हॉल मिळत नाही, नाटक कुठनं बसणार. ते सोडा.

आमच्या मागण्या सरळ आहेत.

हॉल रात्री ८ ते १०.३० जुन्याच दरानं परत द्या, खुर्च्या एका भिंतीला लावून घेऊ, झाडून घेऊ, लाईटबिल वेगळं भरू.

प्राथमिक फेरी समोर घ्या. प्रवेशिका जास्त आल्या तर परीक्षकांना एकेका तालमीला पाठवा, अर्धा तास बसू दे कोपऱ्यात, आमची काही हरकत नाही. अगदीच व्हिडिओ पाहिजे असंल तर एकच कॅमेरा, एका जागी, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, एडिट नाही आणि हायलाइट तर नाहीच नाही.

चर्चा परत सुरू करा, प्रत्येक टीमला १५ मिनिटं, नंबरात आलेल्या आणि न आलेल्या दोघांना.

पारितोषिकप्राप्त संहितांचं कलम काढा. नवी संहिता फसली तर फसू दे की. आपण त्याला शो म्हणत नाही, प्रयोग म्हणतो.

आणि प्रत्येक ग्रुपकडून तालमीची वही मागवा, कुठल्या रात्री काय बदललं, कोण काय म्हणालं. फक्त वाचा, त्याला मार्क देऊ नका. मार्क दिले की पोरं तालीम सोडून वही सजवत बसतील, आम्ही स्वतःला चांगलं ओळखतो.

पंधरा दिवसांत काहीतरी उत्तर द्या, नाही म्हणायचं असंल तर कारण लिहून नाही म्हणा. मोर्चा, घोषणा असलं काही आमच्याकडनं होणार नाही, रात्री तालीम असते.

एकांकिका स्पर्धेतनं बाहेर झाली तरी आम्ही बंद केलेली नाही. येत्या रविवारी आमच्या दुकानात रात्री नऊला पूर्ण रन-थ्रू आहे, तुमच्यापैकी कुणालाही या म्हणतो, चहा आमच्याकडं. दुकानाबाहेर लेथचं कूलंट सांडलेलं असतं तेवढं बघून या. आणि मधे अंधार झाला तर उठू नका, लाईट गेलेली नसंल.

आपला,
उद्यमनगरातला एक लेथवाला, रात्रीचा लाईटवाला

ता.क. मागच्या हॉलची जुनी चावी अजून माझ्या जुडग्यातच आहे. कुलूप तुम्ही बदललंय, त्यामुळं तिचा उपयोग नाही, तरी संस्थेची वस्तू आहे, परत पाहिजे असंल तर सांगा, आणून देतो.